मोबाईल आणि भावकी

हल्ली आमच्या परभणी जिल्ह्यातील खेड्यांत सायंकाळी तरुण मंडळी पारावर जमतात खरी. परंतु प्रत्येकाची दृष्टी आपापल्या मोबाईलवर खिळलेली असते. वेळ अमावास्या म्हणजे आप्तेष्टांस शेतावर बोलावून भज्जी-आंबील खाण्याचा दिवस. त्या दिवशीही व्हॉट्सॲपवर एखादे चित्र धाडले की भावकी राखली, असे मानण्याची चाल पडत आहे. महसूल खात्याच्या नोकरीत आम्ही पुष्कळदा पाहिले की, बांधाचा तंटा कचेरीत येतो तो आपसांतील बोलणे तुटल्यावरच.

तथापि यंत्रास दोष देणे व्यर्थ होय. हवामान व बाजारभाव आपणांस त्यातूनच कळतात. प्रश्न आहे तो मर्यादेचा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाईल व टीव्ही बंद ठेवण्याचा परिपाठ घातला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सीच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांस मोबाईलबंदीचा ठराव केला. आम्हांस पहिला मार्ग अधिक ग्राह्य वाटतो; कारण त्यात थोरांसही बंधन आहे. बापाने जेवतेवेळी मोबाईल पाहावा व मुलास उपदेश करावा, हे शोभत नाही.

आपल्या ग्रामसभांनीही असा दीड तास ठरवून पाहावा. त्या वेळात मुलांस शेजाऱ्याच्या ओसरीवर न्यावे. उद्या बांध त्यांनाच सांभाळावयाचा आहे.