मोठी पाटी की चपळ हात?

संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. केंद्र सरकारची शाळांसाठीची 'आयसीटी' योजना डिसेंबर २००४ मध्ये आली, २०१० मध्ये तिला नवे रूप मिळाले, आणि हळूहळू बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या आपल्या सीमाभागातील शाळांनाही संगणककक्ष परिचयाचा झाला. घरोघरीही एखादा संगणक दिसू लागला. बहुधा कोणा नातलगाने वापरून दिलेला, नाहीतर बाजारातून वापरलेलाच घेतलेला. नवलाई ओसरली आणि तिच्या जागी तक्रार आली : यंत्र फार मंद चालते!

या तक्रारीवर दोन उपाय सुचविले जातात. पहिला, यंत्रातील रॅम वाढवावी. दुसरा, आहे तीच रॅम तिला नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने चालवावी. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तरुण मनाला या दुसऱ्या उपायाची ओढ फार. कारण त्यात खर्च नाही आणि पराक्रम आहे. या दोहोंपैकी आपल्या उपयोगाचा कोणता, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

प्रथम रॅम म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. तिला मराठीत 'स्मृती' म्हणण्याचा प्रघात आहे. पण हा शब्द थोडा फसवा आहे. आमच्या मातृभाषेत, म्हणजे कोंकणीत, आठवणीला 'उगडास' म्हणतात. उगडास म्हटला की तो वर्षानुवर्षे मनात राहतो. रॅमचे तसे नाही. वीज गेली की तिच्यातले सारे पुसले जाते. कायमचे जपून ठेवण्याचे काम डिस्कचे. तेव्हा डिस्क ही वही आणि रॅम ही पाटी, असे समजावे. गणित सोडवायचे पाटीवर, उत्तर उतरवायचे वहीत.

ही पाटीही मोठी विलक्षण आहे. आजच्या रॅमचे मूळ आय.बी.एम. कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांच्या शोधात आहे; त्यांना १९६८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. एका सूक्ष्म विद्युत्‌संचयात एक खूण साठवायची, अशी ती कल्पना. परंतु हा संचय सतत गळत असतो. म्हणून प्रत्येक खूण साधारणतः ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा गिरवावी लागते, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. इंटेल कंपनीने १९७० मध्ये विक्रीस आणलेल्या ११०३ या चिपमध्ये अशा १,०२४ खुणा मावत. आज ८ जीबीच्या एका पट्टीत सुमारे ६,८७२ कोटी खुणा मावतात, आणि त्या साऱ्या याच रीतीने क्षणोक्षणी गिरविल्या जातात.

आता यंत्र मंद का होते ते पाहू. पाटी लहान आणि गणित मोठे असले म्हणजे विद्यार्थी काय करतो? अर्धे गणित वहीत उतरवतो, पाटी पुसतो, पुढची पायरी मांडतो, मागचा आकडा हवा झाला की पुन्हा वही उघडतो. त्याचा वेळ गणितात जात नाही, उतरवण्या-पुसण्यात जातो. संगणकही हेच करतो. रॅम भरली की तो डिस्कचा आसरा घेतो. रॅममधून आकडा आणण्यास सेकंदाचा सुमारे एक कोट्यंश भाग लागतो, तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून तो शोधून आणण्यास सेकंदाचा सुमारे शतांश. म्हणजे लाखपट फरक! मराठी टंकलेखन, दोन-चार संकेतस्थळे आणि एखादा धड्याचा चित्रपट एकदम उघडला की ४ जीबी रॅमचे यंत्र धापा टाकू लागते, ते यामुळेच. त्याचा हात मंद नसतो. त्याची पाटी पुरत नसते.

म्हणून आमचे मत असे की, उपाय करण्यापूर्वी निदान करावे. विंडोज असलेल्या यंत्रात 'टास्क मॅनेजर' नावाची सोय असते. आपले नित्याचे काम चालू ठेवून तेथे रॅमचा वापर पाहावा. तो सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास राहत असेल तर पाटी अपुरी आहे, हे निश्चित समजावे. मग ४ च्या जागी ८ जीबी रॅम केल्याने जुने यंत्र पुन्हा कामाला लागते. शक्य झाल्यास फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी, म्हणजे वहीही लवकर उघडेल. परंतु वापर निम्म्यावरच थांबत असेल, तर आणखी रॅम घालणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणे होय. दुखणे दुसरीकडे आहे.

रॅम घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. डीडीआर ३, ४ आणि ५ या तीन पिढ्यांच्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. त्यांच्या खाचा वेगळ्या, त्यांना लागणारा विद्युत्‌दाबही वेगळा, अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट. म्हणून जुनी पट्टी काढून दुकानात दाखवावी. मदरबोर्डावर सोय असेल तर एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या बऱ्या. कारण मग दोन वाटांनी एकदम ने-आण होते. यंत्रातील प्रणाली ३२-बिटची असेल, तर ४ जीबीच्या पुढची रॅम तिला सहसा वापरता येत नाही, हेही ध्यानात असावे. पट्टी बसविण्यापूर्वी वीज बंद करून तार काढावी आणि पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज जाऊ द्यावी. इतके पाळले तर दहावीचा कोणताही विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम करू शकेल.

आता दुसऱ्या उपायाकडे वळू. त्याची बाजू आम्ही डावलू इच्छित नाही. डीडीआर ४ ची पट्टी २,४०० वेगाने चालविली तर एका वाटेने सेकंदाला १९.२ जीबी मजकूर वाहून नेते. ३,२०० वेगाने चालविली तर २५.६. ही वाढ एक तृतीयांश आहे, ती क्षुल्लक नव्हे. शिवाय अनेक कंपन्या अधिक वेगाच्या पट्ट्या स्वतःच विकतात, आणि तो वेग मिळविण्यासाठी 'एक्सएमपी' नावाची तयार मांडणी पट्टीतच भरून देतात. मात्र त्यासाठी दाब पुष्कळदा १.२ वरून १.३५ व्होल्टपर्यंत वाढवावा लागतो. ज्यांच्या यंत्रात चित्रे उमटविण्याचे काम प्रोसेसरच करतो, त्यांना खेळांमध्ये या वेगाचा लाभ दिसतोही.

परंतु मोठा आकडा म्हणजे मोठा लाभ, असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. मागणी केल्यापासून पहिला आकडा हाती येईपर्यंत किती काळ जातो, हेही पाहावे लागते. ३,२०० वेगाची आणि १६ विलंबाची पट्टी घ्या, अथवा ३,६०० वेगाची आणि १८ विलंबाची; दोहोंचा हिशेब १० नॅनोसेकंदच येतो. खोक्यावरचा आकडा वाढला, पण वाट पाहण्याचा काळ तोच राहिला. आणि पत्रलेखन, गुणपत्रके, धडे वाचणे, या आपल्या कामांत तो फरक माणसाला जाणवतही नाही.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये आपण नेमके काय खर्च करतो, हे त्याहून महत्त्वाचे. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर या व्याख्यानाच्या वेळी श्रोत्यांच्या हाती सुमारे फूटभर लांबीची तार देत आणि सांगत की, एका नॅनोसेकंदात प्रकाश एवढेच अंतर जातो. म्हणजे तुमच्या दप्तरातील फूटपट्टीएवढे! ३,२०० वेगाने चालणाऱ्या रॅममध्ये एका खुणेच्या वाट्याला या नॅनोसेकंदाचाही एक तृतीयांशाहून कमी काळ येतो. तेवढ्यात खूण उमटली पाहिजे, पोहोचली पाहिजे आणि ओळखली गेली पाहिजे. पट्टी बनविणारे या काळात थोडी सूट राखून ठेवतात. ती उन्हाळ्यासाठी, धुळीसाठी, कमीअधिक होणाऱ्या विजेसाठी असते. तापमान ८५ अंशांच्या वर गेले तर खुणा दुप्पट वेळा गिरवाव्या लागतात, इतका उष्णतेचा परिणाम आहे. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही राखीव सूटच खर्ची घालतो.

बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांचे वडील वा काका लेथवर काम करतात, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. लेथ नेमल्या वेगाहून अधिक फिरविता येतो. पण टूल जळते, जॉबचे माप चुकते. गळीत हंगामात निपाणी-चिकोडीच्या वाटेवर क्षमतेहून अधिक ऊस भरलेल्या ट्रॉल्याही आपण पाहतो. त्या दहा वेळा कारखान्यावर सुखरूप पोहोचतात, म्हणून भार योग्य होता असे कोणी म्हणत नाही.

त्यातही लेथचे माप चुकले तर ते हाताला लागते. रॅमची चूक पुष्कळदा दिसतच नाही. यंत्र बंद पडले तर बरे, निदान कळते तरी. पण एखादी खूण चुकीची वाचली गेली आणि काम तसेच पुढे चालले तर? देवनागरी ४ आणि ५ हे आकडे संगणकात ज्या खुणांनी लिहिले जातात, त्यांत केवळ एका खुणेचा फरक आहे. ती एक खूण उलटली की एखाद्या मुलीचे जन्मवर्ष २०१४ चे २०१५ होऊ शकते. मग शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच, आणि पुढे प्रत्येक कागदावर तेच! ही भीती काल्पनिक म्हणता येणार नाही. बेल्जियममध्ये १८ मे २००३ च्या निवडणुकीत शारबेक येथे एका उमेदवाराच्या नावे ४,०९६ मते अधिक मोजली गेली. हा आकडा दोनाचा बारावा घात आहे. तपासात प्रणालीत दोष आढळला नाही. स्मृतीतील एकच खूण आपोआप उलटली असावी, हाच निष्कर्ष निघाला. तेथे ओव्हरक्लॉकिंगचा संबंध नव्हता. नेमल्या वेगाने चालतानाही जे क्वचित घडते, त्याला आपण होऊन आमंत्रण का द्यावे? ज्या मोठ्या संगणकांवर महत्त्वाचे व्यवहार चालतात, तेथे चूक ओळखून दुरुस्त करणारी 'ईसीसी' नावाची रॅम वापरतात. तिच्यासाठी अधिक पैसे मोजतात आणि थोडा वेगही सोडतात. जेथे अचूकतेचे मोल अधिक, तेथे जग या दिशेने चालले आहे.

मग ओव्हरक्लॉकिंग कोणी करूच नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. यंत्र उघडून पाहण्याची, त्याची सीमा शोधण्याची जिज्ञासा ही विद्येचीच खूण आहे. परंतु तिला दोन पथ्ये हवीत. प्रयोगाचे यंत्र आपल्या एकट्याचे असावे आणि त्यातील मजकुराची प्रत अन्यत्र ठेवलेली असावी. आणि बदल केल्यावर 'मेमटेस्ट८६' सारख्या साधनाने कित्येक तास परीक्षा घ्यावी. एकही चूक निघाली तर मूळ वेगावर यावे. शाळेचा संगणक, वडिलांच्या दुकानाचा हिशेब असलेला संगणक, बहिणीच्या परीक्षेचा अर्ज भरावयाचा संगणक, ही प्रयोगाची स्थाने नव्हेत. जे यंत्र अनेकांचे आहे, त्याची राखीव सूटही अनेकांची असते. ती एकाने उधळू नये.

पालकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी चिपांची मागणी वाढविली, हे त्याचे मुख्य कारण. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे 'जुने यंत्र टाका, नवे घ्या' असा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. तसे पाहता विंडोज ११ साठी रॅम वाढविणे पुरेसे नाही. तेथे प्रोसेसरच्या व सुरक्षा-चिपच्याही अटी आहेत. पण पुरेशी रॅम असलेल्या जुन्या यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली उत्तम चालते. केरळच्या सरकारी शाळांनी संगणक-शिक्षणासाठी मुक्त प्रणालीचाच मार्ग पत्करला आहे. निपाणीच्या वखारीत अथवा विड्यांच्या सुपावर दिवसभर राबून मिळविलेला पैसा खर्च करण्यापूर्वी, आहे त्या यंत्राला नेमके काय कमी पडते, एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. पुष्कळदा उत्तर एका पट्टीचे असेल. आणि कधी कधी एकाही पैशाचे नसेल, कारण दमटपणाने आणि धुळीने मळलेली पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसली की रुसलेले यंत्र पुन्हा सुरू होते.

विद्यार्थिमित्रहो, ज्याला अधिक मांडायचे आहे त्याला मोठी पाटी द्यावी. परंतु आकडा वाचता येणार नाही इतक्या घाईने लिहिण्याचा आग्रह, मुलाला धरू नये आणि यंत्रालाही धरू नये. येत्या वर्षी आपल्या संगणककक्षातील प्रत्येक यंत्राच्या रॅमचा वापर तुम्ही स्वतः पाहून एका वहीत नोंदवावा, अशी आमची सूचना आहे. कोणत्या यंत्राला पट्टी हवी आणि कोणत्याला नको, हे त्या वहीवरून ठरविता येईल. आणि शाळेचे पैसे कोठे खर्चावेत, हे सांगण्याचा मान तुमच्याकडे येईल.