पेटी घेतली, पण प्रत कुठे आहे?

विद्यार्थी मित्रहो, आरंभीच एक कबुली देतो. माझ्या मावशीने गायलेल्या जात्यावरच्या एकोणीस ओव्या आमच्या घरी कॅसेटवर होत्या. मावशी आज हयात नाही. चार वर्षांपूर्वी मी घरातल्या सर्व कॅसेटी संगणकात उतरवून घेतल्या, घरचे फोटो आणि चित्रफिती गोळा केल्या आणि दोन डिस्कची एक साठवणपेटी आणून त्यात हे सारे भरले. कॅसेटींना बुरशी आली होती, म्हणून त्या टाकून दिल्या. ‘दोन डिस्क आहेत, एक बिघडली तरी दुसरी आहेच,’ असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या अभिमानाने सांगत असे.

पुढे एका मे महिन्यात सुट्टीला आलेल्या भाच्याने पेटीत नवे चित्रपट ठेवायला जागा हवी म्हणून काही जुने फोल्डर पुसले. त्यांतच ओव्यांचा फोल्डर होता. ही गोष्ट आमच्या लक्षात आली ती आठ दिवसांनी. मी धावत जाऊन दुसरी डिस्क तपासली. तिच्यावरूनही ओव्या पुसल्या गेल्या होत्या, आणि त्या जागेवर चित्रपट लिहिले गेले होते! दोष भाच्याचा नव्हता, आणि पेटीचाही नव्हता. पेटीने तिला नेमून दिलेले काम चोख केले होते. चूक माझ्या समजुतीत होती. हीच समजूत आज अनेक घरांत आणि शाळांत आढळते, म्हणून हा लेख.

ही पेटी म्हणजे काय, ते प्रथम पाहू. दुकानदार तिला ‘नॅस’ म्हणतात. तो एक लहानसा संगणकच असतो. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. पोटात एक, दोन किंवा अधिक डिस्क असतात आणि एका तारेने तो घरातल्या राउटरला जोडलेला असतो. त्यामुळे आईच्या फोनवरून, बाबांच्या संगणकावरून किंवा टीव्हीवरून त्याच फोटोंपर्यंत आणि त्याच गाण्यांपर्यंत पोहोचता येते. सोय उत्तम आहे, यात शंका नाही.

डिस्क मात्र नाजूक वस्तू आहे. तिची चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, आणि माहिती वाचणारे टोक तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून सरकत असते. असे यंत्र आज ना उद्या बिघडणारच. यावर उपाय म्हणून अनेक डिस्कांचा गट करून, एक बंद पडली तरी काम चालू ठेवण्याची युक्ती निघाली. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघा संशोधकांनी आपल्या निबंधात अशा रचनांना ‘रेड’ हे नाव दिले. त्यांतली सर्वांत सोपी रचना आरशाची. जे पहिल्या डिस्कवर लिहायचे, तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहायचे.

आता जरा विचार करा. आरशासमोरचा दिवा विझवला, तर आरशातला दिवा तेवत राहील काय? आरसा जितका खरा, तितक्या तत्परतेने तोही विझणार. पेटीला ‘लिही’ म्हटले की ती दोन्ही डिस्कांवर लिहिते आणि ‘पूस’ म्हटले की दोन्हींवरून पुसते. आज्ञा शहाणपणाची आहे की चुकीची, हे तिला कळत नाही. शिवाय दोन्ही डिस्क एकाच पेटीत, एकाच विजेवर, एकाच छपराखाली असतात. चोरी, आग, पुराचे पाणी किंवा विजेचा तडाखा दोघींनाही एकदमच गाठतो. म्हणून माझे म्हणणे असे की, आरसा म्हणजे प्रत नव्हे. डिस्क बिघडली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठी आरसा असतो. प्रत असते ती आपण चुकलो तरी वस्तू राहावी यासाठी.

चूक केवळ माझ्यासारख्या नवशिक्याचीच होते असेही नाही. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू होते. सारे काम नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीत होते. कोणीतरी पुसण्याची आज्ञा चुकून भलत्या ठिकाणी दिली, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत चित्रपटातली पात्रे नाहीशी होऊ लागली. तेथे प्रती घेण्याची व्यवस्था होती. परंतु ती नीट चालत नव्हती, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. सुदैवाने गॅलिन सुस्मन या तंत्रज्ञ बाईंचे मूल तान्हे असल्याने त्या घरून काम करीत, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तिच्या आधाराने काम सावरले. मोठ्या कंपनीची महागडी यंत्रे कामी आली नाहीत. कामी आली ती दुसऱ्या घरात असलेली साधी प्रत.

यावर कोणी म्हणेल, ‘प्रती ठेवायच्या तर खर्च वाढेल!’ खर्च वाढत नाही, तो योग्य ठिकाणी पडतो. त्यासाठी पेटी घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आमच्या घरचेच गणित पाहा. एक फोटो सुमारे ४ मेगाबाइटचा धरला तर २०,००० फोटोंना ८० गिगाबाइट लागतात. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्यास २ बाइट आणि डावा-उजवा असे २ मार्ग; म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट आणि तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट. तासाभराच्या ४० कॅसेटींना सुमारे २५ गिगाबाइट पुरतात. फोनवरच्या चित्रफिती मिनिटाला सुमारे १०० मेगाबाइट धरल्या तर ५० तासांच्या ३०० गिगाबाइट होतात. बेरीज होते सुमारे ४०५ गिगाबाइट. दोन टेराबाइटच्या डिस्कवर हे सारे मावून जवळजवळ चौपट जागा उरते!

मग लोक मोठमोठ्या पेट्या का घेतात? बहुतेक जागा चित्रपट खातात म्हणून. परंतु चित्रपट हरवला तर पुन्हा मिळतो. आजीचा आवाज पुन्हा मिळत नाही. तेव्हा घरातल्या माहितीचे दोन ढीग करावेत: पुन्हा मिळण्याजोगे आणि जगात एकच असलेले. दुसरा ढीग नेहमी लहान निघतो, आणि काळजी घ्यायची ती त्याचीच. चार डिस्कच्या भारी पेटीऐवजी दोन डिस्कची साधी पेटी घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत दोन सुट्या डिस्क घ्याव्यात. एकीवर महिन्याला प्रत घेऊन ती तार काढून कपाटात ठेवावी. दुसरी मामाकडे किंवा आत्याकडे ठेवून दर सुट्टीत अदलाबदल करावी. इंटरनेटवर भाड्याची जागा घेतली तर तीही दूरची प्रत होऊ शकते. मात्र भाडे थकले की तिचा भरवसा नाही.

मांडणी करताना चार गोष्टी पाळाव्यात. पेटी राउटरला तारेने जोडावी आणि राउटरचे तोंड सेकंदाला १,००० मेगाबिटचे आहे ना, ते पाहावे. आमचे ४०५ गिगाबाइट अशा तारेतून सव्वा तासाच्या आत गेले असते. १०० मेगाबिटच्या जुन्या तोंडातून त्यांना दहा तास लागले. दुसरे, लिहिता-लिहिता वीज गेली तर माहिती बिघडू शकते, म्हणून पेटीला यूपीएस हवा. तिसरे, घरातल्या प्रत्येकाला वेगळे नाव आणि परवलीचा शब्द द्यावा. पाहण्याची मुभा सर्वांना, पुसण्याची एकालाच. एवढे केले असते तर आमच्या ओव्या वाचल्या असत्या. चौथे, पेटी थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नये. २०२१ आणि २०२२ साली अशा उघड्या हजारो पेट्यांतली माहिती खंडणीखोरांनी कुलूपबंद करून पैसे मागितले. ज्यांची सुटी प्रत कपाटात होती, त्यांना खंडणी देण्याची गरजच नव्हती.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रतीची परीक्षा घ्यावी. तीन महिन्यांतून एकदा सुट्या डिस्कवरचे पाच-दहा फोटो आणि एखादे गाणे दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. उघडून न पाहिलेली प्रत ही केवळ आशा असते.

शिक्षकांनाही एक विनंती. शाळेत जुन्या स्नेहसंमेलनांचे फोटो आणि निवृत्त गुरुजनांची भाषणे कोठेतरी एकाच संगणकात पडून असतात. प्रयोगशाळेतला एखादा जुना संगणक मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर चालवला तर तोच साठवणपेटीचे काम करतो. नववीच्या मुलांकडे हे काम सोपवावे. बेरजा-गुणाकार, विजेचे ज्ञान आणि जबाबदारी, तिन्हींचा धडा एकाच प्रयोगात मिळेल.

विद्यार्थी मित्रहो, आज रात्री जेवताना घरी एकच प्रश्न विचारा: ‘आपल्या फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे?’ उत्तर मिळाले नाही, तर ते काम तुमचे.

मावशीच्या एकोणीस ओव्यांपैकी चार माझ्या आईला पाठ होत्या. आम्ही त्या तिच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या. आता त्यांच्या तीन प्रती आहेत. त्यांतली एक भाच्याच्या घरी असते, आणि तिची परीक्षा तोच घेतो. उरलेल्या पंधरा ओव्या मात्र गेल्या त्या गेल्याच.