भिंतीतला पिंपळ कुंडीत

पावसाळ्यात गच्चीच्या कठड्याच्या भेगेत पिंपळाचे वा वडाचे रोप उगवलेले आपण पाहिले असेल. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले ते बीज वाढू दिल्यास भिंत फोडते, म्हणून रोप उपटून फेकले जाते. घरातील ज्येष्ठांच्या हातांना काम आणि मनाला उद्याची ओढ हवी असेल, तर त्याचे बोन्साय करावे.

भिंत ओली असताना, हाताशी येणारेच रोप मुळांसह हलके सोडवावे. स्टुलावर चढणे वा कठड्यावरून वाकणे तरुणांकडे सोपवावे. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे फार महागात पडते. तुटलेली मुळे नीट कापावीत आणि निम्मी पाने काढावीत, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार पडत नाही. माती, वाळू, विटांचा चुरा व थोडे कुजलेले शेणखत यांत लावून रोप दोन-तीन आठवडे सावलीत ठेवावे. उथळ तबकाची घाई नको. खोड भरेपर्यंत एक-दोन वर्षे साधी कुंडीच बरी.

छाटताना निघणारा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. मधुमेह असल्यास हातमोजे घालावेत. जखम झाल्यास ती साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी रोज ओतून टाकावे. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतात.

शुश्रूषा करणाऱ्यांना एकच विनंती : पाणी घालण्याचे काम आजी-आजोबांकडेच राहू द्यावे. आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, ही जाणीव त्या वयात मोलाची असते.