तीन मिनिटे वीस सेकंद

गेल्या वैशाखात पुसदला आमच्या भाचीचे लग्न लागले. लागले असे म्हणतात. मी मांडवात पहिल्या रांगेत होतो, पण मला ते दिसले नाही. गुरुजींच्या अंतरपाटापुढे दुसरा एक अंतरपाट होता, तो पाच छायाचित्रकारांच्या पाठींचा. मंगलाष्टके संपताच पहिला दूर झाला. दुसरा मात्र पंगती बसेपर्यंत हलला नाही. डोक्यावर ड्रोन नावाचा यांत्रिक भुंगा घोंघावत होता, त्यामुळे शेवटचे 'सावधान' केव्हा झाले तेही नीटसे कळले नाही. भाचीने नवरदेवाच्या गळ्यात माळ घातली, तर त्या पाचांतला एक म्हणाला, "ताई, फोकस गेला, परत घाला." आणि तिने ती परत घातली! मुहूर्त टळू नये म्हणून ज्या गुरुजींनी सकाळपासून आम्हां सर्वांना धारेवर धरले होते, ते या वेळी मुकाट्याने उभे राहिले.

आषाढात या उद्योगाचे फळ हाती आले: बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये नऊ तासांचे चित्रण. भाचीला विचारले, "पाहिलेस का ग?" ती म्हणाली, "मामा, वेळच झाला नाही." खरेच आहे. नऊ तास बसून पाहायला माणूस एक तर निवृत्त हवा, नाही तर न्यायाधीश.

अशात पुण्याहून आलेल्या पुतण्याने बातमी दिली, की परदेशांत आणि आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही काही जोडपी आपले लग्न जुन्या फिल्मवर, सुपर-एट नावाच्या रिळावर टिपून घेतात. घरात हशा पिकला. "श्रीमंतांची खुळे!" असे म्हणून मेव्हण्यांनी प्रश्न निकालात काढला. माझे मत नेमके उलटे आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कोडॅक कंपनीने 1965 साली काढलेले हे रीळ पन्नास फुटांचे. त्यावर 3600 चित्रे मावतात. सेकंदाला अठरा या गतीने ती तीन मिनिटे वीस सेकंदांत संपतात. चोवीसने चालवली तर अडीच मिनिटांतच. खटका दाबला की पैसा जळू लागतो. उमटलेले पुसून पुन्हा घेण्याची सोय नाही, आणि काय उमटले आहे हे रीळ रसायनात धुऊन येईपर्यंत ब्रह्मदेवालाही कळत नाही. पुतण्या म्हणतो, "काका, ते जुने रूप संगणकावर चढवता येते. दाणे, ओरखडे, पिवळट छटा, सगळे!" येत असेल. केसांना खडू फासून आजीबाई होणाऱ्या नटीही मी पाहिल्या आहेत. मला फिल्मचा मोह पडतो तो तिच्या तुटपुंजेपणामुळे, आणि तो तुटपुंजेपणा संगणकाला चढवता येत नाही.

दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ थोडी थोडी टिपून मिनिटभराच्या चित्रात अंकुराचा वेल करून दाखवला. पुढे त्यांच्या चित्रपटांच्या वेळी सरस्वतीबाई घरी बसून कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडीत. एका मिनिटामागे एक महिना! आमच्याकडे एका दिवसामागे नऊ तास.

फिल्म अमर असते असे मात्र मी म्हणणार नाही. फाळक्यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' आज संपूर्ण उरलेला नाही. 2003 साली पुण्यात राष्ट्रीय संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मला आग लागून कितीतरी जुने चित्रपट गेले. नीट न ठेवलेल्या फिल्मच्या डब्याला आंबूस वास सुटतो, हेही मला ठाऊक आहे. पण आमच्या ताईच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर तर पांढरी बुरशी चढली आहे, आणि ती लावायची यंत्रे बनवणे जगातल्या शेवटच्या कारखानदारानेही 2016 साली थांबवले.

आमच्या घरी सुपर-एटचे एक रीळ आहे. 1969 साली धाकट्या आत्याच्या लग्नाला मुंबईचे एक आप्त तसला कॅमेरा घेऊन आले होते. त्यांनी आजोबांना विचारले, "तीन मिनिटे आहेत. कोणाकोणाला घेऊ?" आजोबांनी पानाचा डबा बाजूला सारला, थोडा विचार केला आणि पहिले नाव घेतले ते आपल्या विधवा बहिणीचे. त्या काळच्या दुष्ट रीतीने ती मांडवात येत नसे. आप्त कॅमेरा घेऊन परसात गेले. रिळात ती वांगी चिरीत बसलेली आहे. मान वर करते, पदर सावरते आणि हसते. दहा सेकंद. तिचे दुसरे चित्र जगात कोठेही नाही. भिंतीवर पांढरे धोतर ताणून ते मुके रीळ आम्ही किती वेळा पाहिले याची गणती नाही, आणि तिच्यानंतर जन्मलेली पोरेही तिला 'वांगीवाली आजी' म्हणून ओळखतात.

यंदा श्रावणात आमच्या थोरल्या वहिनी गेल्या. भाचीला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवले होते, आणि तिच्या लग्नात कोठीच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या. तेरावा झाल्यावर आम्ही सारे ते नऊ तास पाहायला बसलो. दोन रात्री लागल्या. कार्यालयाचे छप्पर आकाशातून अकरा मिनिटे दिसते. नवरदेवाचे बूट चारी बाजूंनी दिसतात. वहिनी दोनदा दिसल्या: एकदा पाठमोऱ्या, एकदा जिलबीच्या ताटामागे अर्ध्या चेहऱ्याने. मिळून चार सेकंद. भाची उठून आत गेली.

त्या पाच पोरांना मी दोष देत नाही. कोणाला घ्यायचे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आम्हांलाही सांगावेसे वाटले नाही, कारण सगळेच येणार होते ना!

वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री राज्याला देणाऱ्या आमच्या पुसदला हे रीळ धुऊन मिळण्याची सोय नाही. ते दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागते, आणि खर्च ऐकून मेव्हण्यांनी कानांवर हात ठेवले. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी खुशाल हातातल्या मोबाइलवर टिपावे, पण गड्याला घड्याळ लावून द्यावे.

तुळशीचे लग्न झाले की आमच्या पुतण्याचे. हसणाऱ्यांत तोही होता, पण त्याने स्वतःच एक रीळ मागवले आहे. कोणाला घ्यायचे याची यादी करायला काल रात्री आम्ही बसलो. पहिल्या नावावरच दोन तास भांडण झाले. आज जेवणानंतर पुन्हा बसायचे आहे.