थ्रेड : सीसीचा आकडा नेमका कोण ठरवतो?

१/ स्पोर्ट्स गाडीची नवी पिढी जाहीर झाली की रसिकांत एकच वाद पेटतो : इंजिन मोठे हवे की नको? टोयोटाच्या ८६ या स्पोर्ट्स कारने हा वाद जवळजवळ दशकभर झेलला. २०१२ चे दोन लिटरचे इंजिन २०२१ च्या पिढीत २.४ लिटरचे झाले. आपल्या परभणीत स्पोर्ट्स कार क्वचितच दृष्टीस पडते. येथे हाच वाद चाकणच्या मोटारसायकलींवरून रंगतो : पल्सर २२० श्रेष्ठ की एनएस २००? ड्यूक २५० घ्यावी की ३९०?

२/ या वादात दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात : इंजिनाचा आकार अभियंता ठरवतो आणि तो आकडा म्हणजे गाडीचे कर्तृत्व. इतिहास याला दुजोरा देत नाही. हा आकडा कित्येकदा अभियंत्याच्या कागदावर उमटण्यापूर्वी सरकारच्या कागदावर उमटलेला असतो. म्हणून ‘मोठे की लहान’ याआधी ‘हा आकडा आला कोठून’ हे विचारावे, असे माझे मत आहे.

३/ आरंभ ब्रिटनपासून करू. १ जानेवारी १९२१ पासून तेथे मोटारीवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर लागू झाला. मात्र ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजली जात नसे. सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या यांवरून ती सूत्राने काढली जाई. पिस्टन वरखाली किती अंतर कापतो, हे त्या सूत्रात नव्हतेच.

४/ परिणाम काय झाला? अरुंद सिलिंडर आणि लांब फेरीचा पिस्टन, ही ब्रिटिश इंजिनांची ठेवणच होऊन बसली. रुंद सिलिंडरची अमेरिकी फोर्ड मॉडेल टी त्या बाजारात महाग पडू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही करपद्धती गेली. पण एका सूत्राने एका देशाच्या इंजिनाला पाव शतक आकार दिला होता.

५/ इटलीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे दोन लिटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीवर मूल्यवर्धित कर जवळपास दुप्पट होता. तेव्हा फेरारीने १९७५ मध्ये २०८ जीटी४ काढली : आठ सिलिंडर आणि क्षमता अवघी १९९१ सीसी! गेलेली ताकद भरून काढण्यासाठी १९८२ मध्ये त्याच मालिकेत टर्बो आला. रस्त्यावर धावणाऱ्या फेरारीला पहिला टर्बो मिळाला, तो करामुळे.

६/ आता आपल्याकडे येऊ. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी भारत सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी विदेशी सहकार्याला दार उघडले. १९८४ ते १९८६ या काळात इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आणि कावासाकी बजाज या चारही नावांच्या गाड्या बाजारात आल्या. चौघींवरही आकडा एकच : १००. हा योगायोग नव्हे.

७/ ज्या आरएक्स १०० ची आपली पिढी आख्यायिकेसारखी आठवण काढते, तिचे इंजिन ९८ सीसीचे, ताकद सुमारे ११ अश्वशक्ती. धोरणाने आखलेल्या चौकटीत एका हलक्या, चपळ गाडीने नाव कमावले. याउलट १९८३ ची राजदूत ३५० पाहा. ३४७ सीसी आणि त्या काळी थक्क करणारा वेग. पण पेट्रोलचा खर्च मध्यमवर्गाला पेलला नाही आणि दशक संपता संपता ती मावळली. आज तिची पूजा होते. तेव्हा तिला गिऱ्हाईक नव्हते.

८/ २००१ मध्ये पल्सर १५० आणि १८० सीसीत आली आणि १०० सीसीची सवय मोडली. पुढे २२० आली. २०१२ मध्ये २०० एनएस आली, तेव्हा अनेकांना ती पीछेहाट वाटली. प्रत्यक्षात २२० ची ताकद सुमारे २१ अश्वशक्ती, तर १९९.५ सीसीच्या एनएसची २३.५. चार व्हॉल्व्ह आणि पाण्याने थंड होणारे इंजिन, हे त्यामागचे कारण. आकडा घटला, कर्तृत्व वाढले.

९/ मोठे इंजिन निरर्थक आहे, असा याचा अर्थ नाही. मोठे इंजिन कमी फेऱ्यांतही जोर देते. दोघे बसून गंगाखेडच्या रस्त्याने जाताना वारंवार गिअर उतरवावा लागत नाही. ३९० ड्यूक नव्या पिढीत ३७३ वरून ३९९ सीसीवर गेली, ती मागणी न्याय्यच होती. मात्र सीसी हे साधन आहे, साध्य नव्हे.

१०/ आणि आता पुन्हा सरकारी रेषा आली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यापुढील गाड्यांवर पूर्वी उपकरासह ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. क्लासिक ३५० चे इंजिन ३४९ सीसीचे, पल्सर एनएस ४०० झेड २०२४ मध्ये आली ती ३७३ सीसीची. २४ सीसीच्या फरकावर २२ टक्क्यांचे अंतर!

११/ सीसी आरसीवर छापलेली असते, मोजणी सोपी, वाद नाही. ही या रेषेची बाजू मान्य. पण २४९ सीसीची ड्यूक ३१ अश्वशक्ती देते आणि ३४९ सीसीची क्लासिक सुमारे २०. मग सीसी नेमके काय मोजते? वेग नाही, धूर नाही, चैनही नाही. ज्या ब्रिटनने सिलिंडरचा व्यास मोजून आरंभ केला, त्यानेच २००१ मध्ये नव्या मोटारींचा कर कार्बन उत्सर्जनाशी जोडला. आपणही इंधनाचा वापर आणि उत्सर्जन मोजावे.

१२/ हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. आपल्या जिल्ह्यात गाडी बहुधा हप्त्यावर येते आणि तो हप्ता सोयाबीनच्या भावावर किंवा पहिल्या नोकरीच्या पगारावर फेडायचा असतो. मित्रांत मान मिळावा म्हणून ३५० ची रेषा ओलांडणाऱ्या तरुणाने हे ओळखावे : तो वाढीव पैसा इंजिनात जात नाही, करात जातो.

१३/ म्हणून वाद अवश्य घालावा, पण योग्य ठिकाणी. पुढच्या पिढीत ३४९ सीसीची गाडी आली तर ‘कंपनीने कणा गमावला’ असे म्हणण्यापूर्वी फेरारी २०८ आणि आरएक्स १०० आठवाव्यात. बंधनातूनही उत्तम यंत्र घडते. पण म्हणून बंधन शहाणे ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हेच इतिहास शिकवतो.

मतभेद असल्यास जरूर लिहावे. मात्र आकड्यासोबत त्याचे कारणही लिहावे. 🧵