बाजारात जाण्यापूर्वी : रोबोटचं विमान

मैत्रिणींनो, कुकरच्या रबरी रिंगपासून गादीच्या कापसापर्यंत कशाकशाची पारख मी या सदरात सांगत आले. आज मात्र आधी माझीच चूक कबूल करायची आहे.

गेल्या नवरात्रात सात वर्षांच्या नातवाला घेऊन कर्णपुऱ्याच्या जत्रेत गेले होते. देवीचं दर्शन झालं, रेवड्या झाल्या, पाळणा झाला आणि एका हातगाडीसमोर स्वारी जी थांबली ती हलेचना. निळा-लाल रोबोट होता. गाडीवाल्यानं त्याचे हात मागे ओढले, पाय मुडपले, पंख उघडले, की झालं जेट विमान! आम्ही सिडकोत राहतो. चिकलठाण्याला उतरणारं विमान गच्चीवरून दिसलं की हा हातातला घास टाकून धावतो, मग इथं काय विचारता! गाडीवाल्यानं अडीचशे सांगितले, मी दोनशे दिले आणि पन्नास रुपये वाचवल्याच्या आनंदात घरी आले. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही, कारण खोकंच नव्हतं. नुसती प्लॅस्टिकची पिशवी होती.

चौथ्या दिवशी रोबोटची मूठ निखळली. नातू रडला, थोड्या वेळानं विसरला. सून ओट्याशी पोळ्या लाटत होती, मी मेथी निवडत बसले होते. पाहते तो चौदा महिन्यांच्या नातीच्या ओठांतून काहीतरी निळं डोकावतंय! दिसत होतं म्हणून चिमटीत धरून काढता आलं. अर्धा इंच आत असतं तर काय, हा विचार अजूनही मनात आला की हातपाय गार पडतात.

संध्याकाळी मुलगा घरी आला. सगळं ऐकून त्याचं पहिलं वाक्य बायकोला, "तुझं लक्ष कुठं होतं?" मी म्हटलं, "तिला कशाला विचारतोस? खेळणं मी आणलंय." तो गप्प झाला. सून मात्र दोन दिवस धड जेवली नाही. घरात काही झालं की बोट आधी कुणाकडे वळतं, हे तुम्हाला का मी सांगायला हवं?

आमच्या डॉक्टरांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती तशीच लिहिते. घशात अडकलेली वस्तू दिसत नसेल तर आंधळेपणानं बोट घालू नये, ती आणखी आत जाते. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. खोकताही येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर त्याला पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच जोराचे फटके द्यावेत. तरी निघालं नाही आणि मूल वर्षाच्या वरचं असेल तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा, आणि हे आलटून पालटून करत राहावं. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. त्याला फटके पालथं धरून आणि दाब छातीच्या मध्यावर. हे चालू असतानाच दुसऱ्या कुणीतरी १०८ला फोन करायचा.

आता खेळण्याकडे वळू. नातवाची हौस काही फिटली नव्हती आणि माझ्या मनाला टोचणी होती. भिशीचे पैसे हाती होते. दुसरं घ्यायचं, पण पारखून घ्यायचं, असं ठरवून सुनेलाच बरोबर घेऊन निराला बाजारात गेले.

पहिली पाहणी शिक्क्याची. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, मग खेळणं देशी असो की परदेशी. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, साध्या खेळण्याला आयएस ९८७३ आणि बॅटरीच्या खेळण्याला आयएस १५६४४. चिन्हाखाली 'सीएम/एल' अशी अक्षरं आणि पुढे परवान्याचा नंबर. हा नंबर मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घातला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते कळतं. सुनेनं दुकानात उभ्या उभ्या तपासलं. दुकानदाराच्या कपाळावर आठी चढली. चढू द्या.

दुसरी पाहणी वयाची. खोक्यावर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असं लिहिलेलं असतं, ते आपल्या मुलाची हुशारी मोजायला नव्हे. त्या वयाच्या मुलांच्या खेळण्यातला तुकडा धोक्याचा की नाही हे ठरवायला एक नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर म्हणजे सव्वा इंच. त्यात जो तुकडा पूर्ण बसतो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे नळकांड्याचं तोंड त्याहून थोडंसंच मोठं. घरात रांगतं मूल असेल तर मोठ्याच्या खेळण्यातली प्रत्येक सुटी वस्तू त्या मापानं बघायची.

ही सुट्या तुकड्यांची गोष्ट या खेळण्यात जुनीच आहे. मला वाटायचं हे सगळं आत्ताचं खूळ. पण हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीनं टाकारा या जपानी कंपनीची खेळणी घेऊन 'ट्रान्सफॉर्मर्स' नावानं विकायला सुरुवात केली ती १९८४ साली. त्यातला एफ-१५ विमान होणारा 'स्टारस्क्रीम' तेव्हाच आला. त्याच्या मुठी, पंख, शेपटाचे पंख, क्षेपणास्त्रं, सगळं सुटं! रोबोटचं विमान करताना मुठी काढून ठेवायच्या. आता सांगा, कुठल्या घरात त्या मुठी महिनाभर टिकतील?

विमान करणं अवघडच असतं म्हणा. मोटार म्हणजे खोकं, त्यात रोबोट घडी घालून बसवता येतो. विमान चपटं, लपवायला जागा कुठली? त्यामुळे वरून झोकदार दिसणारं विमान उलटं केलं की पोटाखाली अख्खा रोबोट हातपाय आखडून निजलेला दिसतो. म्हणून दुकानात विमान नेहमी उलटं करून बघा. जपानमध्ये १९८२च्या 'मॅक्रॉस' या मालिकेसाठी शोजी कावामोरी यांनी जे विमान आखलं, त्यात ही अडचण छान सोडवली होती. रोबोटचे पाय तेच विमानाचे इंजिन! काही लपवायचंच नाही. त्याच विमानाचं खेळणं १९८५ साली हॅस्ब्रोनं 'जेटफायर' म्हणून विकलं. कपड्याच्या बेतात कापड वाया न घालवणाऱ्या शिवणाऱ्या बाईला हे कसब लगेच कळेल.

आम्ही घेतलेल्यात एकही भाग सुटा होत नाही. किंमत नऊशेच्या आत. बॅटरीचं, बटण दाबलं की आपोआप बदलणारंही होतं, पण ते मी नाकारलं. एक तर त्यात मुलानं करायचं काय, नुसतं बघत बसायचं? शिवाय दिवे लावणाऱ्या काही खेळण्यांत बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात. ती बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकतं. बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल तर तसलं खेळणं हातात घेऊच नका.

सांधा कसा बघायचा? खांदा हळूच फिरवा. घट्ट पण सुरळीत फिरला पाहिजे, कपाटाच्या नव्या बिजागरीसारखा. वळवलेल्या जागी प्लॅस्टिकवर पांढरी रेघ उमटली तर ते लवकरच तुटणार. काही खेळण्यांत वाटीत गोळी बसवल्यासारखे सांधे असतात. ते ओढले तर निघतात आणि दाबले की परत बसतात. मोठ्या मुलासाठी हे बरे, कारण खिळीचा सांधा तुटला की संपलंच. पण निघालेला हात धाकट्या भावंडाच्या तोंडात जाऊ शकतो, म्हणून आम्ही खिळीचा घेतला. आणि हो, तुटलेल्या सांध्याला झटपट चिकटवणारा डिंक लावू नका. तो फटीत झिरपतो आणि उरलेला सांधाही कायमचा जाम होतो. हा प्रयोग आमच्याकडे जत्रेतल्या रोबोटवर झालेला आहे.

दुकानातल्या पोरानं विचारलं, "मुलासाठीच ना?" मी हो म्हटलं खरं, पण घरी गंमत झाली. कागदावर नुसती चित्रं, एकूण पंधरा पायऱ्या. मुलानं हातात घेतलं, अर्धा तास खटपट केली, नातू बाजूला बसून जांभया देतोय. शेवटी शेजारची चौथीतली मुलगी आली, तिनं कागद उलटासुलटा करून दहा मिनिटांत विमान केलं आणि नातवाला शिकवलंही. रोबोटचं विमान करणं त्याला दोन दिवसांत जमलं, विमानाचा परत रोबोट करायला आठवडा लागला. उलट्या वाटेनं जाताना मुलं चुकतात आणि मग जोर लावतात. पहिल्या दिवशी प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर बरं पडतं. सुनेनं तसं केलं होतं म्हणून निभावलं.

आता चार महिने झाले. डाव्या पंखाच्या टोकाचा रंग उडाला आहे, उजवा गुडघा सैल झाल्यानं रोबोट भिंतीला टेकूनच उभा राहतो, पण तुटलं काही नाही. धुळीसाठी ओल्या फडक्यानं पुसते. पाण्यात बुडवत नाही, आतले स्क्रू गंजतात. खेळून झालं की श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात घालून फळीवर ठेवायचं, हा नियम. तो पाळायची जबाबदारी नातवाची आहे आणि त्याच्या बापाची. सुनेची नाही, हे मी दोघांना सांगून ठेवलंय.

जत्रेतला रोबोट मुलगा फेकायला निघाला होता. मी तो एका हाताचा रोबोट माझ्या कपाटात ठेवला आहे, भिशीच्या वहीच्या शेजारी.