मीटर आला, साचा तोच राहिला

वजनमापांच्या दशमान पद्धतीचा कायदा भारताने १९५६ साली केला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे चलनात आले, १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला, आणि १९६२ मध्ये शेर-मणाची सद्दी कायद्याने संपवली. गावोगावी मण निराळा होता व त्या फरकात नाडला जाई तो शेतकरी. म्हणूनच या सुधारणेकडे केवळ हिशेबाची सोय म्हणून पाहणे आम्हांस मान्य नाही.

तांत्रिक मानकांत मात्र ही सुधारणा अर्ध्या वाटेवर थबकली. इंचाला २५.४ ने गुणले, मिलिमीटर लिहिला, आणि काम फत्ते झाले असे पुष्कळदा मानले गेले. कालच्या अर्ध्या इंची नळाला मानक आज १५ मि.मी.चा नळ म्हणते. बाहेरून मोजावे तर तो २१ मि.मी.हून अधिक भरतो! दोन्ही पद्धतींशी त्याने राखलेला हा अलिप्ततावाद स्पृहणीयच म्हटला पाहिजे. १० मि.मी.ची सळई बांधकामावर ‘तीन सुती’ म्हणूनच मागितली जाते, आणि नकाशात २३० मि.मी. लिहिलेली भिंत प्रत्यक्षात नऊ इंचीच राहते. यात कोणाचे फारसे बिघडत नाही.

बिघडते ते विटेच्या साच्यापाशी. दशमान पद्धतीला साजेशी वीट १९० × ९० × ९० मि.मी.ची, सांध्यातला १० मि.मी. मसाला धरला की २०० × १०० × १००, हिशेब तोंडी व्हावा. परंतु भारतीय मानक १०७७ च्या १९९२ च्या आवृत्तीत २३० × ११० × ७० ही जुन्या वळणाची वीटही शेजारी मांडून बसली आहे. गुणाकार करून पाहावा. पहिली वीट १५३९ घन सेंटिमीटर, दुसरी १७७१. भट्टीवर विटा पाडण्याची मजुरी हजारामागे ठरते. म्हणजे एकाच दरात दुसऱ्या साच्याचा मजूर सुमारे १५ टक्के अधिक गारा कालवतो. भाजलेल्या विटेचे माप धरले तरी हा फरक हजारामागे २३२ लिटरांचा होतो. उचल घेऊन ठाणे-पालघरच्या भट्ट्यांवर हंगामभर राबणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या पाठीवर तो पडतो.

मापे ऐच्छिक ठेवावीत, बाजार आपोआप वळेल, असे सांगणारे अर्थपंडित आहेत. अमेरिकेने १९७५ च्या कायद्याने नेमके तेच केले. १९९९ साली खासगी कंत्राटदाराच्या संगणकीय आज्ञावलीने पौंडात दिलेले आकडे न्यूटनचे समजून वापरले गेले, आणि मंगळाच्या कक्षेत जायचे यान हातचे गेले. तेथे निदान चौकशी झाली. भट्टीवरच्या साच्याची चौकशी कोण करणार?

तेव्हा विटांच्या मजुरीचा दर जेथे जेथे नगावर ठरतो, तेथे त्या दरापुढे विटेचे माप मिलिमीटरमध्ये लिहिणे सरकारने सक्तीचे करावे. साचा मोठा असेल तर दर त्याच प्रमाणात वाढावा. आणि कामगार निरीक्षकाने भट्टीवर जाताना हजेरीपटाबरोबर साचाही तपासावा. त्यासाठी फूटपट्टी पुरते.